पाचवी फट

वनस्पतिशास्त्राच्या आपल्या सरांचं म्हणणं खरं करून दाखवायचं, एवढ्यासाठी ताई त्या कड्यावर निघाली होती. तीस वर्षांपूर्वी सरांनी सांगितलं होतं, की दोन जातींच्या नेच्यांच्या संकरातून तिथे तिसरीच जात जन्मली आहे आणि ती फक्त कातळाच्या फटींत राहते. पुराव्याची रोपं संग्रहालयात कसरीने खाल्ली आणि लोकांनी सरांना वेड्यात काढलं. आता सर अंथरुणाला खिळले होते. संग्रहालयाचा नियम मात्र ठणठणीत होता: नवी जात नोंदवायची तर रोप मुळासकट हवं, नुसतं पान चालणार नाही.

दोर धाकट्या भावाच्या हातात होता. गिर्यारोहण हा त्याचा धंदा आणि बहिणीची चेष्टा हा छंद.

"ताई, पाल्यासाठी एवढा आटापिटा? बाजारात जुडी मिळते की!"

"तोंड आवर आणि दोर आवळ!"

दुपारपर्यंत तिने चार फटी चाचपल्या. चारही रिकाम्या, कडांवर छिन्नीचे जुने घाव. पाचवी फट बाहेर झुकलेल्या कातळाखाली होती. तिने पाय टेकवला आणि कपची निसटली! ती घसरली. दोराने कंबरेला हिसका दिला. खांदा कड्यावर आदळला, डोळ्यांपुढे काजवे चमकले!

"ताई! बोल काहीतरी!"

तिच्या नाकासमोर, त्या पाचव्या बोटभर फटीत, वीतभर नेचं उभं होतं. एका जातीची अरुंद पानं, दुसरीचा काळा देठ. तेच! सर बरोबर होते! तिला रडूच फुटलं.

तिने चाकू मुळाशी लावला. सरांच्या नावावरचा डाग पुसायला एक झटका पुरे होता. पण आजूबाजूला दुसरं रोप नव्हतं, आणि वरच्या फटींवरचे ते घाव कशाचे, हे आता तिला उमगलं. बराच वेळ ती तशीच लोंबकळत राहिली. मग तिने एकच पान कापलं.

सरांनी ते पान भिंगाखाली कितीतरी वेळ पाहिलं.

"मुळासकट आणलंस ना?"

"नाही, सर. एकच रोप उरलंय. नोंद व्हायची नाही."

सरांनी भिंग खाली ठेवलं.

"मी चारही फटी खरवडून आणल्या होत्या," ते म्हणाले. "पाचवीतलं दिसत होतं, पण हात पोचला नाही. तीस वर्षं हळहळलो त्याच्यासाठी."

त्यांनी पान तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटली.

"बरं झालं गं, नाही पोचला."