उजव्या कुशीची माती

रूवाह महिन्यात, रोजे सुरू व्हायच्या आधी, जावातल्या आमच्या गावच्या बाजारात गुलाबाच्या पाकळ्या मिळणं मुश्कील. सगळ्यांनाच आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहायची असतात. त्या सकाळी फुलवाल्या म्हातारीच्या टोपलीत एकच पुडा उरला होता आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा मागे होईना.

"तुमच्या गळ्यात तर क्रूस आहे," त्या हाताचा मालक म्हणाला. "तुम्ही लोकसुद्धा फुलं वाहता?"

"नाही. भाजी करतो."

म्हातारी खुदकन हसली. त्याचे कान लाल झाले.

"अर्धा अर्धा घेऊ या?" तो म्हणाला. "माझी माणसं देमाकला पुरली आहेत, लांब. मला फक्त बघायचंय... तुमच्याकडे कसं करतात ते."

"म्हणजे माझ्या आईच्या कबरीपाशी माझ्याकडे बघत उभे राहणार?"

"कबरीकडे बघेन." मग जरा थांबून – "प्रयत्न करेन."

त्याचं नाव लबीब. देमाकच्या मदरशात वाढलेला, जोगजाच्या विद्यापीठात धर्मांचा अभ्यास करायला आलेला. मी त्याला घरी नेलं. माझे वडील, बापाक, गावातल्या मुलांना ख्रिस्ताची शिकवण द्यायचे. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आमचं कुठे चुकतं ते शोधायला आला असशील, तर चहा पी आणि जा," ते म्हणाले. "आम्ही कशाच्या आधारावर जगतो ते बघायचं असेल, तर जेवून जा."

तो जेवला. मग दर रविवारी जेवू लागला.

चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे उठले की उठायचा, सगळे गुडघे टेकायचे तेव्हा मात्र मान खाली घालून बसून राहायचा. दुपारी बापाकशी वाद रंगला की वेळेचं भान राहायचं नाही. मग बापाकच खिडकीबाहेर बघून म्हणायचे, "लबीब, उन्हं कलली. ऊठ, चटई घातलीय." तो नमाजाला उभा राहायचा आणि घर एकदम शांत व्हायचं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचे.

"प्रार्थना करताना तुम्ही डोळे इतके घट्ट का मिटता?" त्याने एकदा विचारलं.

"मागच्या बाकावरून कुणीतरी बघत असतं म्हणून."

"मी अभ्यास करत असतो."

"मानेचा?"

पुढे बापाकची मूत्रपिंडं निकामी झाली. दवाखान्यात त्यांना लबीबच स्कूटरवरून न्यायचा. मागे मी त्यांना धरून बसायचे.

एका दुपारी ओसरीवर शेंगा सोलता सोलता तो म्हणाला, "मी बाप्तिस्मा घेतो, न्दारी."

"का?"

"कचेरीत लग्न नोंदवायला दोघांचा धर्म एकच लागतो..."

"मी कचेरीचं विचारत नाहीये."

तो पुढची शेंग सोलू लागला. आतून बापाकचा खोल गेलेला आवाज आला, "ती शिकवणी माझ्याकडे मिळणार नाही, पोरा. माझ्या मुलीसाठी म्हणून तर नाहीच."

मीही त्याचा कलमा मनातल्या मनात म्हणून पाहिला होता. शब्द सुंदर होते. पण ते मी त्याच्या आवाजात ऐकत होते, माझ्या नाही.

"बापाक बरे झाले की सांगते," मी म्हणाले.

ते बरे झाले नाहीत.

आमच्या गावात कब्रस्तान सगळ्यांचं एकच आणि खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा. लबीबने सगळ्यांच्या आधी कुदळ उचलली. आईशेजारची जागा दाखवायला मी तिथे थांबले होते. खड्डा गळ्याएवढा झाला, तेव्हा शेजारचे पाक वागिमान, म्हणजे वागिमानकाका, वाकून बघू लागले.

"अरे लबीब, हे काय केलंस?"

खड्ड्याच्या तळाशी, पश्चिमेच्या भिंतीत त्याने एक लांब कोनाडा कोरला होता. त्यांच्यातलं माणूस असं ठेवतात. उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून, मातीच्या आडोशाला. आमचं माणूस पेटीत असतं, त्याला कोनाडा लागत नाही. आणि आमचा दफनविधी तर लबीबला अथपासून इतिपर्यंत पाठ होता.

तो आपल्या चिखलाने माखलेल्या हातांकडे बघत राहिला.

"मला कळलंच नाही..." तो म्हणाला. "माझ्या वडिलांसाठी खणलं होतं... हात तसेच चालत गेले."

"पेटी यायच्या आत बुजवू या," पाक वागिमान म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणाले.

पेटी खाली गेली. पाद्रींनी पाणी शिंपडलं, पाक वागिमान आणि बाकीचे शेजारी तळवे वर करून आपली दुआ पुटपुटले. सगळे पांगल्यावर फाटकापाशी मी लबीबच्या हातांवर पाणी ओतत होते. माती निघता निघत नव्हती.

"उत्तर ठरलं?" त्याने विचारलं.

"बाप्तिस्मा घेऊ नका, लबीब."

"मग... आपलं?"

मी पाणी ओतत राहिले. "तुम्ही चटईवर उभे राहता ना, तेव्हा तुम्ही मला सगळ्यात जास्त आवडता. पहिल्या दिवसापासून."

तो नखांतली माती काढत राहिला.

"आणि मला तुम्ही," तो म्हणाला, "डोळे मिटता तेव्हा."

तांब्यातलं पाणी संपलं. मी तो पुन्हा भरला नाही.

लबीब आता समुद्रापलीकडे मकासरला शिकवतो. कधी लिहीत नाही. मीही लिहीत नाही.

बापाकची कबर मात्र दर पावसाळ्यात उजव्या बाजूने खचते. खाली पोकळ जागा आहे, माती हळूहळू तिथे उतरते. राखणदार दरवर्षी कुरकुरतो, "एकदाचं सिमेंट करून टाका, ताई." मी हो म्हणते आणि करत नाही.

रूवाह आला की मी फुलांचा एक पुडा घेते. अर्धा आईला. उरलेला अर्धा बापाकच्या उजव्या कुशीपाशी, त्या खोलगट जागेत. ती भरेपर्यंत.