हौदातल्या मोटारी

"आजपासून मुरुम शहर सुरक्षित आहे! शोधपथक सज्ज झालंय!" इरानं गच्चीवरून जाहीर केलं.

पथकानं टाळ्या वाजवल्या नाहीत. जिवलग मैत्रीण करिश्मासकट पथकातले तिघेही सुट्टीत मामाच्या गावी गेले होते. इराला मामा नव्हता.

खेळायला उरली शेजारच्या धुरपदाबाईंची शेळी, सोनी. तीही दोन दिवस कोपऱ्यावरच्या पाण्याच्या हौदाला तोंड लावत नव्हती.

"तोंड आलंय गं तिला. लई ऊन! जगती का न्हाय कुणास ठाऊक," म्हणत धुरपदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

इरा घरात धावली. तिथं सोनालीमावशीनं प्रयोगशाळेतून पाठवलेली कुपी होती. कुपीत जस्ताच्या मोटारी, केसाहून बारीक! ना सेल, ना चावी. आंबट पाण्यात जस्त विरघळतं, बुडबुडे सुटतात आणि त्यांच्या धक्क्यानं मोटार पळते. साध्या पाण्यात ढिम्म! रोज लिंबाच्या पाण्यात सोडून इरा कागदी सूक्ष्मदर्शकातून त्यांची शर्यत बघायची. जिंकणारीचं नाव करिश्मा ठेवायची. हरणारीचंही.

"सोनी पीत नाही ते पाणी बघू तरी!" तिनं हौदाच्या पाण्याचा थेंब घेतला, त्यात मोटारी सोडल्या.

त्या सुसाट पळाल्या!

नळाच्या पाण्यात? ढिम्म. म्हणजे हौदच आंबट!

ती गल्लीतल्या निवृत्त मास्तर आण्णासाहेबांना हौदापाशी ओढतच घेऊन आली. हौदाशेजारी विरुपाक्षचं बॅटरीचं दुकान होतं.

"विरुपाक्षकाका, हौदात काय ओतलंत?"

"म्या? काय न्हाय! पाणी ओतलं."

"कसलं पाणी?"

"बॅटरीचं पाणी. जुन्या बॅटऱ्या रिकाम्या केल्या. पाण्यात पाणी, त्यात काय?"

"अहो, ते तेजाब आहे, ॲसिड! त्यानंच सोनीचं तोंड आलंय!" आण्णासाहेब ओरडले.

"सगळे पाणीच म्हणतात की!"

"सगळे तुम्हाला शहाणेही म्हणतात!"

हौदाला कुलूपबंद झाकण बसलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सोनीला औषध दिलं. विरुपाक्ष मान खाली घालून ताज्या पाण्याच्या बादल्या वाहू लागला. संध्याकाळी सोनी अर्धी बादली प्यायली. धुरपदाबाईंनी इराची दृष्ट काढली.

"शाब्बास! पोरीनं गल्लीचे डोळे उघडले!" आण्णासाहेब म्हणाले. "माग, काय बक्षीस हवं?"

इरानं त्यांचा हात धरला.

"आजोबा, उद्या कॅरम खेळायला याल? चारी बाजूंनी मीच खेळते. आणि मीच चिडते."