खोकल्याचं बटण

अल्बन टॅलिस दुपारी घराबाहेर पडला तो घशाच्या गोळ्या आणायला. औषधवाल्याने पुडीत दोन गोळ्या जास्त टाकल्या आणि सांगितलं, आज दुकान बंद करून टीव्हीसमोर बसणार आहे. अल्बनने मान हलवली. बोलण्याची उधळपट्टी त्याने केव्हाच बंद केली होती.

ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टन गावात त्याचा चेहरा फारसा कुणी ओळखत नसे. आवाज मात्र गुरंसुद्धा ओळखतात, असं लोक म्हणत. गावच्या टीव्ही केंद्राचा तो निवेदक. बातम्यांआधीचं निवेदन त्याचं, पुराचा इशारा त्याचा, गुरांच्या बाजाराच्या जाहिराती त्याच्या, आणि मुलांच्या कार्यक्रमातल्या उद्धट मगरीच्या बाहुल्याचा आवाजही त्याचाच. पुढे बाप झालेले लोक पबमध्ये त्याला अडवून मगरीसारखं बोलायला लावत. मग घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती घरघर. वाक्याचा शेवट तर ओठांपर्यंत पोचायचाच नाही.

त्यातच केंद्र सिडनीच्या लोकांनी विकत घेतलं. त्यांचा फेनविक नावाचा साहेब आला. निवेदन सिडनीहून होईल, गावात निवेदक हवाच कशाला, असं त्याचं म्हणणं. अल्बनने हट्ट धरला, एकदा मला बोलू द्या, थेट, पाचच्या बातम्यांआधी. जमलं तर तो राहील, मगरही राहील. नाही जमलं तर सिडनीचा आवाज तयारच होता. दिवस ठरला तो आजचा.

"शब्द अडकला की मी तुझा आवाज तिथेच तोडणार," फेनविक म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस, बाबा."

"आधी अडकू दे," अल्बन घरघरला.

यंत्रं सांभाळणारी ब्रिओनी म्हणाली, "साहेब, मगरीच्या तोंडात हात घालताय. बोटं मोजून घ्या."

निवेदकाची खोली कपाटाएवढी. भिंतींना जाड कापड, कागदावर पडणारा एक दिवा, समोर काच. दार लागलं की बाहेरचं ऊन, पंखे, माणसं, सगळं कापल्यासारखं तुटायचं. कानातलं रक्त ऐकू यायचं. मायक्रोफोनशेजारी खोकल्याचं बटण होतं. ते दाबून धरलं की मायक्रोफोन मुका. निवेदकाने तेवढ्यात खोकून घ्यावं, बोट उचलावं आणि बोलावं.

हे त्याला शिकवलं ओरिन हॅल्डेनने. त्याच्या आधीचा निवेदक. कडक माणूस, तोंडात कायम बडीशेपेची गोळी. लोक आवाज ऐकायला बसतात, घसा ऐकायला नाही, असं म्हणायचा. तो घशाच्याच दुखण्याने गेला. शेवटी बोलणं बंद झालं तेव्हा इस्पितळात त्याने अल्बनचा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेतला आणि दाबला. बराच वेळ दाबून ठेवला. अल्बनला तो शेवटचा निरोप वाटला होता.

पाच वाजत आले. अल्बनने बटण दाबलं आणि खोकला. परत खोकला. घसा सुटेना. प्रक्षेपणाचा तांबडा दिवा लागला. त्याने तोंड उघडलं. बाहेर आली ती नुसती हवा.

आणि हेडफोनमध्ये आवाज घुमला.

"नमस्कार, मंडळी..."

भरदार, ऊबदार, ऐन तिशीतला. त्याचाच आवाज. शब्द पुढे चालले होते आणि त्याचे ओठ मागून त्यांना गाठत होते. बंद खोलीत बडीशेपेचा वास पसरला. मानेवर गार श्वास लागला... एका वाक्याला एक, अगदी तालात. अल्बनने मागे पाहिलं नाही. तांबड्या दिव्यासमोर निवेदक मागे पाहत नाही. प्रत्येक वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत खणखणीत गेलं.

दिवा विझला. काचेपलीकडे फेनविक उभा राहून टाळ्या वाजवत होता. केंद्रातले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

ब्रिओनी तेवढी हलली नव्हती. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. अल्बनने खाली पाहिलं. अंगठा बटणावर होता. नख पांढरं पडलं होतं.

ती आत आली. बटण दाबून पाहिलं, सोडून पाहिलं.

"बटण ठीक आहे, अल्बन. तुझा अंगठा उठलाच नाही..."

"आवाज कसा होता?"

"इतका चांगला कधीच नव्हता."

"मग झालं."

संध्याकाळी पबमध्ये त्याची पाठ थोपटून थोपटून गुराख्यांनी लाल केली. फेनविकने स्वतःच्या हाताने बिअरचा ग्लास आणून ठेवला आणि आपण चुकलो असं चारचौघांत कबूल केलं. अल्बन कुजबुजत बोलत राहिला. घसा राखून ठेवतोय, असं लोक समजले. पुढे मगर परत आली. सिडनीनेही मोठमोठ्या जाहिरातींना त्याचा आवाज मागितला, आणि तो इथूनच पाठवला गेला, त्याच खोलीतून. मानसन्मान झाले. प्रत्येक वेळी अल्बनचा अंगठा बटणावर असे. त्याने कधी लाज मानली नाही. काम चोख होत होतं.

मग तिकडच्या उन्हाळी पावसाने फिट्झरॉय नदीला पूर आला. अल्बनच्या घराकडचा रस्ता पाण्याखाली गेला. तो केंद्रावर पोचणं शक्य नव्हतं. त्याने ब्रिओनीला फोन लावला.

"थट्टा पुरे," ती हसून म्हणाली. "काचेतून दिसतोयस मला. दिव्याखाली मान घालून बसलायस. ठेव फोन, पाच वाजले."

त्याची बायको हेझल टीव्ही लावत होती. अल्बन खुर्चीत टेकला. पडद्यावर पुराचं पाणी आलं, आणि त्याच्या आवाजाने गावाला धीर दिला. कुठले रस्ते बंद, कुठे आसरा, सगळं नीट सांगितलं. हेझल टीव्हीकडे बघत होती. मग सावकाश वळून ती त्याच्याकडे बघायला लागली.

अल्बनचा घसा खवखवला. त्याच क्षणी पडद्यावरचा आवाज मध्येच थांबला, कुणी बटण दाबून धरावं तसा.

अल्बन खोकला.

खोकून झाल्यावर आवाज पुढे बोलू लागला. गावात कुणालाही खोकला ऐकू गेला नाही.