कॅराडेल स्टेशनचं बुजवलेलं दार

टॅम्सिन पॅस्को प्रतीक्षागृहाच्या भिंतीला कान लावून उभी होती आणि बोटाने विटा ठोकून बघत होती — टक्, टक्, टुक्.

"आत कुणी नाहीये," मागून आवाज आला. "असतं तर मीच आधी तिकीट मागितलं असतं."

ती दचकून वळली. रेल्वेचं नारिंगी जाकीट घातलेला एक उंच माणूस, हातात बादली आणि फडकं. चेहरा अगदी गंभीर. डोळे तेवढे हसत होते.

"मी नगरपालिकेकडून आलेय," ती घाईघाईने म्हणाली. "स्टेशनची माहिती लिहायला. इतिहास, सोयी... सगळं. लिफ्टसाठी ही भिंत पाडणार ना, त्याआधी."

"आणि माहिती भिंतीच्या पोटात आहे?"

"इथे दार होतं! ही कमान बघा. जुन्या नकाशात दार आहे, नंतरच्या नकाशात नाही. का बुजवलं ते कुठेच लिहिलेलं नाही."

त्याने बादली खाली ठेवली. कमानीवरून हळूच बोट फिरवलं. "तीन वर्षं रोज ही भिंत पुसतोय मी," तो म्हणाला. "आणि कधी दिसलंच नाही... मी रेनो. रेनो झॅमिट."

बाहेर जुलैची, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातली, झिमझिम चालू होती. मेलबर्नचा गार वारा फलाटावरून सरळ आत घुसत होता, पण टॅम्सिनला एकाएकी थंडी वाजेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशीपासून दोघं मिळून स्टेशन मोजू लागले. सायकलींचा पिंजरा एक, चाकाच्या खुर्चीसाठी उतार दोन, पाण्याचा नळ एक.

"नळ चालू आहे?"

"मनात आलं तर."

"असं कसं लिहू? आणि बाकं?"

"सात. पण सहाच धरा. सातव्यावर दर मंगळवारी मिसेस क्विल बसतात. दुसरं कुणी तिथे बसलं तर त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात... माणूस आपणच उठतो."

दुपारी त्याने आईच्या हातच्या पास्टिझी आणल्या. आत वाटाण्याचं सारण, वर पापुद्रे. तिच्या स्कार्फवर चुरा सांडला. तो झटकायला त्याचा हात पुढे आला... आणि अर्ध्यातच थांबला. तिने स्वतः झटकला, उगाचच बराच वेळ.

मंगळवारी मिसेस क्विल आल्या. वय एक्क्याण्णव, टोपी जांभळी. टॅम्सिनने दाराचं विचारलं मात्र, म्हातारी खुदकन हसली.

"ते माझ्या बाबांनी बुजवलं. स्टेशनमास्तर होते ना! मागे आमचं घर, आणि हे दार स्वयंपाकघरातून थेट इथे, तेव्हाच्या बायकांच्या प्रतीक्षागृहात उघडायचं. एनिड आत्या दिवसातून दहादा इथल्या शेगडीत कोळसा घालायला यायची. अगदी भर जानेवारीत!"

"भर उन्हाळ्यात?" टॅम्सिनचे डोळे विस्फारले.

"हमाल वॉल्टर इथेच झाडत असायचा, बाई. बाबांना कळलं, त्यांनी गवंडी बोलावला. मग काय, आत्या पुढच्या फाटकातून यायला लागली, सगळ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत. तीन महिन्यांत बाबांना लग्न लावून द्यावं लागलं!"

गाडी आली. चढता चढता म्हातारीने रेनोकडे पाहिलं, मग टॅम्सिनकडे. "गवंड्याचे पैसे मात्र फुकट गेले," ती म्हणाली.

दोघंही हसली. रेनो काहीतरी बोलणार होता... पण तेवढ्यात उतारूंनी त्याला घेरलं.

शुक्रवारी टॅम्सिन लिहून झालेली पुस्तिका घेऊन आली. तिकिटाच्या खिडकीत अनोळखी बाई.

"रेनो? त्याला टॉलंगला पाठवलंय. इथलं लिफ्टचं काम होईपर्यंत, आठ महिने तरी."

टॉलंग म्हणजे मार्गाचं शेवटचं टोक. सांगितलंसुद्धा नाही! टॅम्सिनला राग आला, मग रागाचंच नवल वाटलं. आपला कोण तो, की त्याने सांगावं? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच नकाशात नव्हतं. ती समोरच्या गाडीत बसली.

तासाभराने टॉलंगच्या ओक्याबोक्या फलाटावर ती उतरली. रेनो साचलेलं पाणी झाडूने लोटत होता. तिला बघून झाडू हातातच राहिला.

"तुम्ही? इथलीही माहिती लिहायचीय?"

"नाही."

"मग...?"

"सांगितलं का नाहीत मला?"

"तुमचं काम संपलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, भिंतीचं कोडं सुटलं, आता तुम्ही कशाला..."

"माझी सोयींची यादी मागच्या आठवड्यातल्या गुरुवारीच पुरी झाली होती, रेनो. त्यानंतर मी रोज उगाच येत होते." तिने पुस्तिका त्याच्यापुढे धरली. "तुम्ही आवडता मला. एवढंच सांगायला आले. परतीची गाडी किती वाजता आहे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"दहा मिनिटांनी," तो म्हणाला. "त्याच्या पुढची... एक तासाने."

"पुढची चालेल."

पाऊस जोरात आला. त्याने छपराखालचं दार उघडलं, बाजूला सरला आणि इतके दिवस 'या' म्हणणारा तो अगदी हळू म्हणाला,

"ये."