थंड टाकी

मे महिन्यात माझा अर्धा दिवस रस्त्यावरच जातो. पावसाळ्याआधी कामं उरकायची म्हणून सगळ्या साइटवर मशीन दमेपर्यंत चालवतात आणि मग मला फोन करतात. सकाळी पोलादपूरला क्रेन, दुपारी एमआयडीसीत लोडर, तिथून कुठल्यातरी घाटात पोकलेन. मोटरसायकलच्या मागे पान्यांची पेटी आणि वर बांधलेले नवे फिल्टर. बिरवाडीला खोलीवर पोचलो की दीक्षा, माझी बायको, चेहरा बघूनच ताट वाढायची. तीही औषधांच्या कंपनीत पॅकिंगची शिफ्ट करून आलेली असायची. जेवलं की दोघंही आडवे व्हायचो.

त्यामुळे वरंधच्या पुढे घाटरस्ता रुंद करायचं काम चाललं होतं तिथून फोन आला, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पोकलेन जड चालतेय, फिल्टरचा दिवा लागतोय. नेहमीचीच तक्रार. पोकलेनचा सगळा जोर तेलात असतो. पंप तेल ढकलतो, त्या दाबावर बकेट डोंगर खणते, आणि काम करून तेल टाकीत परत येताना फिल्टरमधून गाळून येतं. फिल्टर चोंदला की मशीन मरगळते.

मुरारी ऑपरेटर केबिनमधून उतरून वाट बघत होता. पोलादपूरकडचा, तिशीतला, एरवी बडबड्या.

"कधी बंद केलीस?" मी विचारलं.

"आत्ताच. तुमची गाडी वळनावर दिसली तवा."

म्हणजे टाकी तापलेली असणार. अशा टाकीला चुकून हात लागला तर कातडी सोलून निघते. सवयीने मी बोटांची मागची बाजू हळूच टेकवली.

टाकी थंड होती. बोटं ओली झाली.

मी झाकणाचे बोल्ट काढून फिल्टर बाहेर घेतला. त्याच्या घड्यांमध्ये लोखंडाचा चुरा नव्हता. लाल माती होती, ओली, मऊ, आणि तिच्यात केसाएवढी पांढरी मुळं पसरली होती. मी मुरारीवर भडकलो. तेलाचे कॅन उघडे ठेवता, मातीत ठेवता, मग हे असं होतं. त्याने आईची शपथ घेतली. नवा फिल्टर बसवून मी निघालो. आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

आठवडा गेला नसेल, पुन्हा फोन आला. या वेळी टाकीतलं तेल ताकासारखं पांढुरकं झालं होतं. तेलात पाणी मिसळलं की असं होतं. पण पाणी येणार कुठून? या मशीनचं तेल वाऱ्यावर थंड होतं, तिथे पाण्याची नळीच नसते. पाऊस लांब होता. कोणीतरी मुद्दाम ओतत असणार, दुसरं काही असू शकत नव्हतं.

"इथे रात्रीचं कोण येतं?" असं मी विचारायच्या आधीच मुरारीने वर बोट दाखवलं. कापलेल्या दरडीच्या कडेला एका दगडावर म्हातारी बसली होती. शेजारी रिकामा हंडा.

"ठकूबाय. वरच्या वाडीतली. रोज येते, पन हात नाय लावत कशाला. नुसती बसते." मग तो आवाज खाली करून म्हणाला, "त्यांचा झरा होता दादा इथं. आमी दरड कापली तवापासनं आटला. रस्ता खनलेला, टँकर पन वर जात नाय."

मी तिच्याजवळ गेलो.

"आजी, या मशीनला कोणी हात लावताना बघितलंत का?"

"कोन लावनार?" ती म्हणाली. मशीनकडेच बघत होती. "आत वाजतंय, ऐकलास काय?"

"पंप असेल."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इंजिन बंद होतं. मी मान वळवून ऐकलं. मग पेटी उचलली आणि कामाला लागलो, कारण दिवस कलायच्या आत मला खाली उतरायचं होतं. सगळं तेल काढलं, टाकी पुसली, नवं तेल भरलं, फिल्टर बदलला. झाकणाला माझं स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आमच्या घरात देवदेवस्की कधी नव्हती. बाबा म्हणायचे, कारण सापडेपर्यंत शोधायचं. मला कारण सापडलं होतं आणि मी त्याला कुलूप लावलं होतं.

तिसऱ्या वेळी मुरारी फोनवर फार कमी बोलला.

"दादा, या."

"काय झालं? मशीन बंद पडली?"

"नाय. चालतेय. मस्त चालतेय. पन या तुमी."

त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वरंध सोडल्यावर चढावर मोटरसायकल तापली, डोळ्यांपुढे अंधारी आली, एकदा थांबावं लागलं. साइटवर पोचलो तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. मी ते उघडलं, झाकण काढलं, फिल्टर वर ओढला.

टाकीत पाणी होतं.

स्वच्छ, नितळ. तळ दिसत होता. तळाच्या जाळीवर शेवाळ धरलं होतं आणि शेवाळावर नखाएवढा खेकडा चालत होता. तेलाचा तवंगसुद्धा नव्हता. पाण्यावर असला पंप काही मिनिटांत जाम होतो, हे मी कितीतरी पोरांना शिकवलंय.

"चालव," मी झाकण लावून म्हणालो.

मुरारीने इंजिन सुरू केलं. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, वर गेला, बकेट वळली, खाली आली. कुठे धक्का नाही, करकर नाही. नव्या मशीनचाही हात इतका हलका चालत नाही.

"तू प्यायलास का यातलं?"

"नाय, दादा. धाडस नाय झालं."

मी झाकण पुन्हा उघडलं, दोन्ही हात आत घातले आणि प्यायलो. का, ते मला सांगता येणार नाही. दमलो होतो, घसा सुकला होता, पाणी समोर होतं. ते दगडासारखं गार होतं आणि गोड होतं. पोट भरेपर्यंत मी ओंजळी भरत राहिलो.

मग टाकीखालचा कॉक उघडला. ठकूबाई उठली आणि तिने हंडा खाली लावला. तिने हाक मारलेली मी ऐकली नाही, पण थोड्या वेळात वाडीतल्या बायका एकामागून एक उतरून आल्या. हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे, सगळं भरलं. शेवटची बाई डोंगर चढायला लागली तेव्हा मी टाकीत डोकावलो. पाणी एक बोटही कमी झालं नव्हतं.

सुपरवायझर खाली महाडला होते. मी फोनवर एवढंच सांगितलं की टाकीत पाणी शिरलंय.

"मग काढा, धुवा, नवं तेल भरा. पावसाच्या आत तो खडक फुटला पाहिजे."

मुरारी शेजारी उभा राहून ऐकत होता.

"राहू दे ना दादा. बायकांना पानी मिळतंय."

"पाण्यावर मशीन चालत नाही, मुरारी."

"पन चालतेय."

मी पेटी मोटरसायकलला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाचं पिंप आलं. बायका आधीच येऊन रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता कॉक उघडला. आज मात्र पाणी कुठल्याही टाकीतलं संपावं तसं संपलं. पहिले दोनतीन हंडे भरले, धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. तळाला शेवाळ नव्हतं. खेकडाही नव्हता.

मी तेल भरलं. फिल्टर बसवला. मशीन सुरू करून टाकीवर हात ठेवला. हळूहळू तापत गेली आणि शेवटी हात काढून घ्यावा लागला.

मला हायसं वाटायला हवं होतं.

ठकूबाई जवळ येऊन उभी राहिली.

"काल प्यालास काय रे यातलं?"

"हो, आजी."

"पोटभर?"

"पोटभर."

तिने माझ्या गळ्याकडे बघितलं, मग हातांकडे, मनगटापासून कोपरापर्यंत. सावकाश, मापून घेतल्यासारखं. मग बायकांकडे वळली.

"चला गो."

"आजी, आता पाण्याचं काय करणार तुम्ही?"

"हाय की," ती म्हणाली, आणि रिकामा हंडा डोक्यावर घेऊन वाट चढायला लागली.

त्या मशीनची तक्रार पुन्हा आली नाही. खडक फुटला. मुरारी काम सोडून मुंबईला भावाकडे गेला, मला न सांगता.

मला तहान लागेनाशी झाली. ऐन उन्हात मोटरसायकल चालवली तरी घाम येईना. थकवा मात्र वाढत गेला. पाना आवळताना हातात जोर येईना.

"अहो, किती गार पडलेत हात," दीक्षा म्हणाली. तिने माझा हात हातात धरून ठेवला होता, आणि मग तिने तो सोडला. "रक्त तपासून घ्या एकदा."

सुट्टीच्या दिवशी ती मला महाडच्या लॅबमध्ये घेऊन गेली. सकाळची वेळ होती, गर्दी नव्हती. रक्त घ्यायला सेजल नावाची हसरी मुलगी होती. तिने दंडाला रबर बांधलं, शीर शोधली, सुई घातली.

सिरिंज भरायला लागली.

तिचं हसू थांबलं. तिने सुई काढली, दुसरा हात मागितला, नवी सिरिंज घेतली.

तीही भरली.

"काका," तिने हळूच विचारलं, "दुखतंय का?"

"नाही."

दीक्षा खुर्चीवरून उठून उभी राहिली. सेजलने भरलेली सिरिंज खिडकीतल्या उजेडात धरली. तिच्यातून समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती. अक्षरं उलटी फिरलेली होती, पण सगळी स्वच्छ वाचता येत होती.