खोपटातला हिरवा दिवा

"हात लाव. अगं लाव ना! चावत नाही तो."

पिहलाने चार्जरवर तळवा ठेवला आणि लगेच मागे घेतला. "ई, केवढा गार आहे!"

"तेच तर मी मघापासून सांगतोय!" ओत्सो म्हणाला. "फोनचा एवढासा चार्जर, तोसुद्धा काम करताना कोमट होतो. हा चांगला विटेएवढा धोंडा आणि गारठून पडलाय. वर हिरवा दिवा! तुझ्या बाबांनी बॅटरी आत्ता होडीतून काढून आणली, अजून ओली आहे, आणि हा म्हणतो पोट भरलं. पान मांडायच्या आधीच ढेकर!"

एरवी हिल्ला सगळ्यात आधी खिदळली असती. ओत्सो तिचा मावसभाऊ, तिच्याहून वर्षाने लहान आणि दहापट आगाऊ. पण हिल्ला नुसती त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. सोळा दिवसांत ती एकदाही हसली नव्हती.

सोळा दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी, तिचे आजोबा ताउनो याच खोपटातून बॅटरी घेऊन मासे धरायला गेले होते. गाव या तळ्याचंच पाणी पितं, म्हणून पेट्रोलचं इंजिन इथे चालत नाही. सगळ्यांच्या होड्यांना विजेच्या मोटारी. तळ्याच्या मध्यावर आजोबांची मोटर बंद पडली. उत्तरेचा वारा सुटला होता. त्यांनी वल्ही मारली, पण त्यांचा उजवा खांदा कधीचाच कामातून गेलेला. शेवटी होडी उलटली आणि संध्याकाळी ते पलीकडच्या लव्हाळ्यात निष्प्राण सापडले. अंगात जीवरक्षक जॅकेट होतं, पट्टे नीट बांधलेले होते. ऑक्टोबरातल्या बर्फगार पाण्यापुढे जॅकेटचं काही चालत नाही.

पोलिसांनी बॅटरी तपासली. बॅटरी धडधाकट, पण रिकामी! मग मासेमारी संघाचे अध्यक्ष केइयोकाका दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "चार्जिंगला लावायला विसरला असेल म्हातारा. वय झालं होतं." झालं! तेव्हापासून सगळं गाव तेच बोलत होतं. आजोबांवर जीव टाकणारी माणसंसुद्धा एक उसासा सोडून तेच म्हणायची, विसरला.

पोलिसांचा तपास आटपून शनिवारी दफन होतं. आज गुरुवार. हा एक शब्द अंगावर घेऊन आजोबांनी मातीत जावं, हे हिल्लाला सहन होत नव्हतं. दर रात्री झोपण्याआधी घरातलं प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस बॅटरी लावायला विसरेल? शक्यच नाही!

"काय चाललंय इथे?"

दारात केइयोकाका उभे होते. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात गावाच्या सॉनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं.

"काका, हा चार्जर बिघडलाय," पिहला म्हणाली. ती तिघांत मोठी, तेरा वर्षांची, आणि मोठ्या माणसांशी बोलताना अजिबात न अडखळणारी. "बॅटरी लावल्या लावल्या हिरवा दिवा लागला."

"हिरवा म्हणजे भरली. त्यात काय एवढं? आणि ह्या नव्या बॅटऱ्या भराभर भरतात. शिशाच्या जुन्या धोंडी नव्हेत त्या. मी स्वतः चार दुकानं पालथी घालून निवडल्यात!"

"पण काका, पाच मिनिटांत?"

"मला तू शिकवणार का बॅटऱ्या? चला, बाहेर व्हा!" मग त्यांचा आवाज जरा उतरला. "हिल्ला, तुझं दुःख कळतं मला. पण उगाच नसतं काही शोधत बसू नकोस, पोरी."

तिघं बाहेर आली. त्यांच्या पाठीमागे कुलूप लागलं.

बॅटऱ्यांची निवड काकांचीच, हे मात्र खरं होतं. वसंतात त्या आल्या तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजोबांना झाला होता. जुनी बॅटरी पंचवीस किलोंची. ती होडीत चढवताना खांद्याच्या कळेने त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. नवी अकरा किलोंची. ती एका हातात धरून ते धक्क्यावर गिरकी घेऊन नाचले होते. त्या आठवणीने हिल्लाने तोंड दुसरीकडे वळवलं.

"रडायचं नंतर," पिहलाने तिच्या हातात वेलदोड्याचा पाव कोंबला. "आधी खा. आणि विचार करा. या महिन्यात आणखी कोणाच्या मोटारी बंद पडल्या?"

"तुझ्या बाबांची," ओत्सो म्हणाला. "गेल्या शुक्रवारी. काठाजवळच होते म्हणून वाचले. मोटारीत गवत अडकलं म्हणाले."

"लेम्पीआजीची सोमवारी," पिहला म्हणाली. "तिने मोटारीला शिव्या घातल्या होत्या."

"आजोबांची मंगळवारी," हिल्ला हळूच म्हणाली.

पिहलाने वहीत वार लिहिले आणि भुवया आक्रसल्या. "रविवारी एकही नाही? रविवारी तर सगळं गाव तळ्यावर असतं!"

"गुरुवारीही नाही," ओत्सो म्हणाला. "आज सकाळीसुद्धा सगळे नीट परत आले. म्हणजे शनिवारी रात्री आणि बुधवारी रात्री लावलेल्या बॅटऱ्या शहाण्या, बाकीच्या येड्या! शनिवारी आणि बुधवारी असं काय वेगळं..."

तो बोलता बोलता थांबला. तिघांचे डोळे एकाच वेळी वर गेले, खोपटाला चिकटून उभ्या असलेल्या धुराड्याकडे.

"सॉना!"

गावाचा सॉना बुधवारी आणि शनिवारी तापतो. तो आणि चार्जिंगचं खोपट यांच्यात एकच भिंत. सॉना तापला की ती भिंत रात्रभर ऊब धरून असते. एरवी खोपटात चूल नाही की शेगडी नाही. यंदा थंडी लवकर आली होती. गेले तीन आठवडे दुपारीसुद्धा पारा शून्याच्या वर चढला नव्हता, आणि आत्ता खोपटाच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत बर्फ धरला होता.

सॉनाला कुलूप कधीच नसतं. तिघं आत घुसली. आत कालचा बर्चच्या पानांचा वास होता. चुलीपाशी पेटवणाची टोपली. हिल्लाने ती उपडी केली. ढलप्या, जुनी वर्तमानपत्रं आणि एका कडेने जळलेला गुळगुळीत कागद. त्याच्यावर बॅटरीचं चित्र होतं!

"माहितीपत्रक!" पिहलाने कागद उजेडात धरला आणि मोठ्याने वाचू लागली. "शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये. थंडीत बॅटरी स्वतःच्या रक्षणासाठी चार्जिंग आपोआप बंद करते. अशा वेळी चार्जरवर हिरवा दिवा दिसला, तरी बॅटरी भरली असे समजू नये."

पिहलाने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"म्हणजे थंडी वाजली की ती दार लावून घेते," ओत्सो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजातला चावटपणा पार गेला होता. "चार्जरला वाटतं, कोणी काही मागत नाही म्हणजे पोट भरलेलं आहे."

"पुढे ऐका. शेवटपर्यंत पूर्ण ताकद देते आणि मग एकदम बंद होते. जुन्या मोटारींवरचे बॅटरीदर्शक दिवे हिच्यासाठी विश्वासार्ह नाहीत."

शिशाची बॅटरी संपत आली की आधी कुरकुरायची, होडी मंदावायची, माणूस वेळेत माघारी फिरायचा. ही बॅटरी काहीच बोलत नाही.

"आजोबांनी लावली होती," हिल्ला म्हणाली. "त्यांनी हिरवा दिवा पाहिला आणि ते गेले." दुःखापेक्षा तिला संतापच जास्त आला होता. हा कागद चूल पेटवायला टाकला होता! आणि गावाचा सॉना पेटवायचं काम केइयोकाकांचं!

ती धावत घरी गेली. आई कणीक मळत होती.

"आई, बॅटरी..."

"त्या बॅटरीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर!" आईने हात वर केले. हात पिठाने बरबटलेले, डोळे सुजलेले. "उद्या दुपारी मी जाळी काढायला जातेय. तुझ्या आजोबांच्या जेवणाला याच तळ्यातले मुइक्कू मासे हवेत. केइयोने मला बॅटरी राखून ठेवलीय, पिहलाच्या बाबांनी परत केलेली. रात्रभर चार्जिंगला आहे. बास, विषय संपला."

तीच बॅटरी! सकाळभर वापरलेली, जवळजवळ रिकामी! हिल्ला पुन्हा सांगू लागली, पण आई दुसऱ्या खोलीत निघून गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

शुक्रवारी दुपारी वारा पुन्हा उत्तरेचा होता. धक्क्यावर सात-आठ माणसं होती. केइयोकाकांनी बॅटरी आणून होडीत ठेवली, तारा जोडल्या. मोटारीवरचे चारही दिवे लागले. आईने मोटर चालू केली. पाणी मागे उसळलं, पण होडी जागची हलेना!

"अरे? काय झालं?"

"दोरी," ओत्सो शांतपणे म्हणाला. होडीचं मागचं टोक त्याने धक्क्याच्या खांबाला तीन गाठी मारून बांधून टाकलं होतं.

"ओत्सो! कान उपटीन तुझा!"

"दोन्ही उपट मावशी, पण अर्ध्या तासाने!"

हिल्ला पुढे झाली. तिने आईकडे नाही, केइयोकाकांकडे पाहिलं. "काका, ही बॅटरी भरलेली आहे ना? नक्की?"

"गच्च भरलेली. हिरवा दिवा मी स्वतः पाहिलाय."

"भरलेली बॅटरी पूर्ण वेगात किती चालते?"

"अडीच तास. आरामात!"

"मग अर्धा तास बांधलेलीच चालू द्या. अर्ध्या तासाने तुम्हाला काय फरक पडतो? चालली तर मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन. आणि आई, मग जन्मात बॅटरीचं नाव काढणार नाही."

माणसं काकांकडे बघू लागली. एवढी ग्वाही दिल्यावर आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"चालू द्या!" ते गुरगुरले. "पोरांची हौस फिटू दे एकदाची."

पिहलाने घड्याळ हातात धरलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मोटर गुणगुणत होती, चारही दिवे ठळक पेटलेले. लेम्पीआजीने पायावर पाय घासत म्हटलं, "बर्फ होईल माझा इथे!" पंधरा मिनिटांनी काका हसले. "झालं का समाधान?" हिल्लाने पिहलाच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आपलंच चुकलं असेल तर?

बाविसाव्या मिनिटाला मोटर बंद पडली.

कुरकुर नाही, मंदावणं नाही. चारही दिवे एकदम विझले. दोरी सैल पडली आणि लाटांचा चुबुक चुबुक आवाज तेवढा राहिला.

आईने स्विच दाबून पाहिला. पुन्हा दाबला. मग तिने मान वर करून तळ्याच्या मध्याकडे पाहिलं, जिथे आत्ता ती असायला हवी होती. तिथे पांढऱ्या फेसाच्या लाटा उठत होत्या.

"हा पण विसरण्यातलाच प्रकार का हो, काका?" ओत्सोने विचारलं.

"ओत्सो, पुरे," पिहला म्हणाली आणि तिने तो जळका कागद काकांच्या हातात दिला.

काकांनी तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मग ते धक्क्याच्या फळ्यांवरच खाली बसले. "विकणारा मुलगा म्हणाला होता, हे नीट वाचा," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "चाळीस वर्षं बॅटऱ्या लावतोय मी. मला काय वाचायचंय, म्हटलं."

लेम्पीआजीने त्यांना उठवलं नाही. कोणीच उठवलं नाही. आई होडीतून उतरली, हिल्लाला तिने घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

मुइक्कू शेवटी आलेच. ती बॅटरी पिहलाच्या स्वयंपाकघरात आधी तीन तास नुसती उबेला ठेवली, मग चार्जिंगला लावली. लाल दिवा लागला, चार्जर गरम झाला, रात्री उशिरा दिवा हिरवा झाला. शनिवारी पहाटे वारा पडल्यावर आई आणि पिहलाचे बाबा मिळून जाळी काढून आले. खोपटाला नवं कुलूप लागलं, आणि शेगडी येईपर्यंत बॅटऱ्या घरातच चार्ज करायच्या असं ठरलं.

चर्चमध्ये एकेक जण शवपेटीपाशी जाऊन फुलं ठेवत होता आणि रीतीप्रमाणे त्यांच्यासोबतची चिठ्ठी मोठ्याने वाचत होता. मासेमारी संघाचं पुष्पचक्र केइयोकाकांच्या हातात होतं. त्यांनी ते ठेवलं. रेशमी फितीवर छापलेल्या दोन सुंदर ओळी होत्या. त्यांनी त्या वाचल्या नाहीत. ते हिल्ला बसली होती त्या बाकाकडे वळले, मग पुन्हा पेटीकडे.

"ताउनो," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला. "तू बॅटरी लावली होतीस. तू काही विसरला नव्हतास. मी तुझ्याबद्दल गावभर खोटं बोललो, आणि चूक माझी होती. हे मला या तीन मुलांनी दाखवलं."

मग ते हळूहळू आपल्या बाकावर जाऊन बसले.

नंतर कॉफीच्या वेळी सगळी वडीलधारी तिघांभोवती जमली. लेम्पीआजीने ओत्सोचा गालगुच्चा घेतला. पाद्री म्हणाले, मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत. पिहलाचे बाबा हिल्लासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "तू आईचा जीव वाचवलास, पोरी. कदाचित माझाही."

"हो," हिल्ला म्हणाली. ते खरं होतं आणि तिला त्याचा अभिमानही वाटत होता. मग अठरा दिवस कोंडलेलं रडू एकदम बाहेर आलं. "पण माहितीपत्रकाचा तो कागद आजोबा गेले तेव्हाही टोपलीतच होता ना? तेव्हाच कोणी वाचला असता तर?"

पिहलाच्या बाबांनी तिला जवळ घेतलं, आणि ती मनसोक्त रडली.