सबमिशनच्या आठवड्यातलं मोजमाप

वर्गात तीस मुलं होती आणि बाकांखाली तीस गुडघे सारखे हलत होते. नियंत्रण-प्रणाली शिकवणाऱ्या डॉ. तेंडोलकरबाई फळ्याकडे वळल्या तरी ती बारीक थरथर त्यांना फरशीतून जाणवायची.

या मुलांच्या मनगटात, कातडीखाली, तांदळाएवढं यंत्र होतं. विभागातच तयार झालेल्या या यंत्राचं नाव समतोलक. फ्रीजला जसा एक अंश ठरवून दिलेला असतो, तसा समतोलकाला माणसाच्या मनःस्थितीचा एक आकडा दिलेला असे. त्याला संदर्भबिंदू म्हणत. नाडी आणि श्वास त्या आकड्यापासून ढळले की यंत्र मज्जातंतूंना सूक्ष्म इशारा देऊन माणसाला पुन्हा जागेवर आणी. घाबरलेला शांत होई, मरगळलेला जागा होई.

आकडा ज्याचा त्याचा, सात दिवसांच्या सरासरीचा. चूक झाली ती इथे. दुसऱ्या वर्षी मोजमाप घ्यायचं ठरलं, तेव्हा विभागाने असा आठवडा निवडला ज्यात झाडून सगळा वर्ग हजर असतो. तसा आठवडा एकच, सबमिशनचा! जर्नल अपुरं, सह्या राहिलेल्या, रीडिंग मित्राच्या वहीतून उतरवलेली. ती घालमेल या मुलांची सहजस्थिती ठरली. पुढे निकाल इतके उत्तम लागले की कुणी तक्रार केली नाही.

बाईंना आपलं सबमिशन आठवे. सोल्डरिंगचा राळेचा वास, ऑसिलोस्कोपवरची हिरवी रेघ, आणि शेवटची सही झाल्यावर कँटीनच्या पायऱ्यांवर काहीही न करता घालवलेले दोन तास. या मुलांना ते दोन तास कधी मिळालेच नाहीत.

शनिवारी दुपारी त्याच वर्गातली शाल्मली पाटणे आईला, कुमुदताईंना, घेऊन प्रयोगशाळेत आली. आईच्या नाकात नळी होती आणि मागे चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर.

"बाई, हिच्यातला तो किडा काढा," कुमुदताई खुर्चीत टेकत म्हणाल्या.

"आई, किडा काय!"

"मग काय म्हणू? डॉक्टर मला फार तर दोन महिने देतात. ही जवळ बसते, हात धरते आणि पाच मिनिटांत उठून भांडी घासते. काल घासलेलीच पुन्हा घासली!"

"मॅडम, शांत वाटायला लागलं की छातीत धडधडतं," शाल्मली म्हणाली. "बसवतच नाही."

"ताई, यंत्राच्या लेखी हिची शांतता ही चूक आहे," बाई म्हणाल्या. "ते चूक दुरुस्त करतं."

"मग बंद करा."

"शरीराला त्याची सवय झालीय. एकदम बंद केलं तर झटके येतील. आकडा बदलता येईल, पण त्यासाठी सात शांत दिवस मोजायला हवेत. हिच्याकडे एकही नाही."

"तिचेच हवेत?"

बाई जरा अडखळल्या. "रक्ताच्या नात्यातले चालतील. तेवढ्यापुरते. ही निवली की मग हिचे मोजू."

"मग माझे घ्या की! संसाराच्या तेहतीस वर्षांत पहिल्यांदा चहा गरम असताना पितेय मी."

शाल्मली हसली. बाईही हसल्या, आणि आठ दिवसांनी मरणाला तयार झालेल्या आईचा संदर्भबिंदू बावीस वर्षांच्या मुलीच्या मनगटात बसला.

शाल्मलीचा गुडघा थांबला. ती तास-तास आईपाशी बसू लागली. कुमुदताईंनी तिला माहेरची विहीर सांगितली, मोडलेलं पहिलं लग्न सांगितलं. रागावून सांगितलं, हसून सांगितलं. शाल्मलीने सगळं ऐकलं.

बाराव्या दिवशी दुपारी सिलिंडरचा काटा शून्यावर आला. कुमुदताईंना धाप लागली. त्यांनी दाराजवळच्या भरलेल्या सिलिंडरकडे बोट दाखवलं.

शाल्मलीने पाहिलं. नळी कशी बदलायची ते तिला ठाऊक होतं, किती मिनिटं हातात आहेत तेही. तिचं काळीज एकदा जोरात उसळलं. समतोलकाने ते ताबडतोब खाली आणलं.

"हो आई, उठते," ती मऊ आवाजात म्हणाली. "जरा बसू दे. किती छान वाटतंय."

कुमुदताई हात सोडवून घ्यायला धडपडत होत्या. शाल्मलीने तो प्रेमाने घट्ट धरून ठेवला.